'लोक' या संज्ञेचे ओझे : जर्मन लोकविद्येचे नामांतर

ज्ञानशाखेचे नाव बदलणे ही वरवर पाहता कार्यालयीन बाब वाटते. जर्मनीतील 'फोल्क्सकुंड', म्हणजे लोकविद्या, या शाखेच्या बाबतीत मात्र नावाचा वाद हा अभ्यासविषयाचाच वाद ठरला.

विल्हेल्म हाइन्रिख रील यांनी १८५८ मध्ये या अभ्यासाला शास्त्राचा दर्जा मिळावा, असा आग्रह धरला. त्यांच्या विवेचनात 'लोक' म्हणजे प्रामुख्याने भूमीशी बांधलेला, परंपरा जपणारा शेतकरी. 'फोल्क'चा अनुवाद आपण 'लोक' असा सहज करतो; परंतु तो फसवा आहे. मूळ शब्दात राष्ट्र आणि पुढे वंश या अर्थच्छटा मिसळत गेल्या. मराठी 'लोक'ला त्या नाहीत. १९३३ नंतर नात्सी राजवटीने नेमक्या याच छटा वापरल्या. सणांत, कथांत, घरांच्या बांधणीत प्राचीन जर्मानिक अवशेष शोधून देण्याचे काम अनेक अभ्यासकांनी केले, आणि ते सारेच काही सक्तीने केले नाही.

महायुद्धानंतर या वारशाची झाडाझडती घेणाऱ्यांत ट्युबिंगेनचे हेर्मान बाउझिंगर महत्त्वाचे. पूर्वेकडून हाकलल्या गेलेल्या निर्वासितांच्या नव्या वसाहतींचा त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे पिढीजात गाव नव्हते, तरीही शेजार घडत होता. म्हणजे संस्कृती पाहण्यासाठी प्राचीनतेची अट उरत नाही. यंत्रामुळे लोकसंस्कृती लोपत नाही, यंत्रच तिच्या नित्य व्यवहारात मुरते, हे त्यांनी १९६१ च्या ग्रंथात मांडले. जुनी गाणी मरण्यापूर्वी टिपून ठेवण्याची जी घाई या शाखेच्या मुळाशी होती, तिचा आधारच या विवेचनाने काढून घेतला.

१९७० च्या फाल्केनश्टाइन येथील चर्चासत्रात सांस्कृतिक मूल्यांचे संक्रमण हा अभ्यासाचा विषय, आणि सामाजिक-सांस्कृतिक प्रश्नांच्या सोडवणुकीस हातभार लावणे हे उद्दिष्ट, असे सूत्र मांडले गेले. पुढील वर्षी ट्युबिंगेनच्या संस्थेने 'अनुभवाधिष्ठित संस्कृतिविज्ञान' हे नाव घेतले. अन्यत्र 'युरोपीय मानववंशविज्ञान' किंवा 'सांस्कृतिक मानवशास्त्र' अशी नावे आली. एकाच शाखेला इतकी नावे पडली की विद्यार्थ्याने गोंधळून जावे. जर्मनीतील अभ्यासकांच्या राष्ट्रीय संघटनेने जुने नाव सोडले ते थेट २०२१ मध्ये. नव्या नावात वंशाचा वास नाही, हे खरे. पण ही संस्कृती नेमकी कोणाची, हेही त्यातून कळत नाही. जुना शब्द, कितीही कलंकित असला, तरी ते सांगण्याचा प्रयत्न तरी करीत होता.