मिरजेचं हॉस्पिटल आणि क्ष-किरण

मिरजेचं मिशन हॉस्पिटल क्ष-किरणांपेक्षा एक वर्षाने मोठं आहे! कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी ते 1894 मध्ये सुरू केलं. जर्मनीत विल्हेल्म रोंटगेन यांना हे किरण सापडले 8 नोव्हेंबर 1895 ला. म्हणजे सुरुवातीला इथे हाड कुठे मोडलंय हे डॉक्टरांनी बोटांनी चाचपूनच ओळखायचं. केवढं कौशल्य लागत असेल!

रोंटगेन यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटांची हाडं आणि अंगठी स्पष्ट उमटली. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. हवेने भरलेलं फुफ्फुस काळं, आणि क्षयाने तिथे घट्टपणा आला की पांढुरके डाग. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होतं. या आजारात छातीच्या फोटोचं मोल फार मोठं, कारण आत किती पसरलंय हे नुसत्या खोकल्यावरून कळत नाही.

रोंटगेन यांना 1901 चं भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. पेटंट मात्र त्यांनी घेतलंच नाही. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यासाठी.