बांधावरचे गवत : उसाची रानातली भावकी



लागण, खते, पाणी यांविषयी या अंकातून आम्ही नेहमीच लिहितो. या खेपेस गवताविषयी लिहीत आहोत. "गवताचं काय सांगायचं? उपटायचं आन् बांधावर टाकायचं," असे कोणी म्हणेल. पण ज्याला आपण उपटतो ते उसाचेच भाऊबंद आहे.

ऊस, ज्वारी, मका आणि रानातले मारवेल, शेडा, कुसळी, रोशा ही सगळी गवतकुळातल्या एकाच भावकीतली. मारवेलचा नाही तर कुसळीचा तुरा हातात घेऊन नीट पाहा. दाणे जोडीजोडीने असतात. एक दांड्याला चिकटून, दुसरा बारीक देठावर. उसाच्या तुऱ्यातही अशाच जोड्या दिसतील. बाजरी आणि अंजन यांचे घर वेगळे. अलीकडे तर शास्त्रज्ञांनी बाजरीला अंजनाच्याच प्रजातीत नेऊन बसवले आहे. हरळीचे आणखी वेगळे. आणि लव्हाळा? तो मुळी गवतच नव्हे. त्याची काडी बोटांत फिरवा, तीन धारा लागतील. गवताची काडी बहुधा गोल आणि पेरे असलेली.

ही नुसती पंडिती नाही. टू-फोर-डी मारल्यावर रुंद पानाचे तण जळते आणि ऊस उभा राहतो, कारण ऊस गवत आहे. त्याच कारणाने उसातली हरळी आणि कुंदाही त्या औषधाला भीक घालत नाहीत. लव्हाळ्याचे औषध तर वेगळेच. तण ओळखल्याशिवाय औषधाची बाटली विकत घेऊ नये.

कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राची स्थापना १९१२ सालची. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाचा संकर नदीकाठच्या रानटी कास गवताशी केला. त्यातून को २०५ ही जात निघाली. भाद्रपद-आश्विनात नदीच्या वाळूत पांढरे तुरे काढणारे ते कास. त्याला ना गोडी, ना जाडी. पण फुटवा आणि चिवटपणा भरपूर. आज आपण लावतो त्या को ८६०३२ सारख्या जातींतही कासाचे रक्त आहे. खोडवा फुटतो त्यात वाटा या रानगड्याचा आहे, हे विसरू नये.

आता आपल्या गायरानाकडे वळू. दख्खनच्या गवताला शास्त्रज्ञ शेडा-मारवेल गटात धरतात. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली देशभरच्या गवताळ रानांची विभागणी केली, तीतला हा एक गट. मुरमाड माळावर शेडा, काळ्या खोल जमिनीत मारवेल, अशी ढोबळ वाटणी. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही जनावराला गोड. आणि गोड म्हणूनच आधी मरतात. बी धरायच्या आत दरसाल खाल्ले गेले की ठोंब खचते आणि तिथे कुसळी येते. तिचे कुसळ ओलेसुके झाले की पिळवटते आणि बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. तुरे आले की जनावर तिला तोंड लावत नाही. मेंढीच्या लोकरीत नि कातडीत मात्र कुसळ घुसते. त्यानंतरही चराई थांबली नाही, तर वर्षभराची हलकी गवते उरतात आणि शेवटी उघडा मुरूम. आपल्या जिल्ह्यात असे माळ शोधायला लांब जावे लागत नाही. गायरानावर कुसळीच कुसळी दिसली तर गवत वाढले असे समजू नका. ते उताराला लागले आहे.

गळीत चालू असते तोवर वाढ्यांमुळे वैरणीची चणचण भासत नाही. पण नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवले तर त्यांतल्या ऑक्झलेटमुळे अंगातले कॅल्शियम कमी होते, म्हणून ज्वारीचा कडबा किंवा वाळले गवत सोबत हवेच. आणि हंगाम संपल्यावर काय? २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातला ऊस गाळपाऐवजी चाऱ्याला तोडावा लागला. ज्याच्या बांधावर मारवेलची गंजी होती त्याने निदान गाय विकली नसती, असे आमचे मत आहे. उलट आज तणनाशकाने बांध साफ करण्याची टूम निघाली आहे. बांध देखणा दिसतो, पण पहिल्या वळवात माती ओढ्याला जाते.

बांधाला मारवेल लावायचे असल्यास जुनी ठोंबे जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, हात-दीड हातावर लावावीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाणही काढले आहेत. पहिले वर्ष जनावर सोडू नये. विळ्याने, जमिनीपासून चार बोटे वर कापावे. गायरानात निदान एक कोपरा दसरा-दिवाळीपर्यंत, बी गळेतोवर राखावा. कोणता, हे ग्रामसभेत एकदाच ठरवून टाकावे.