करमझिन यांचे इतिहासखंड

इ. स. 1818 च्या फेब्रुवारीत निकोलाय करमझिन यांच्या ‘रशियन राज्याचा इतिहास’ या ग्रंथाचे पहिले आठ खंड पीटर्सबर्ग येथे एकदम विक्रीस आले आणि त्यांच्या 3,000 प्रती महिनाभरात संपल्या. ज्या सरदार घराण्यांत घरगुती बोलणेही फ्रेंचमध्ये चाले, आणि ज्यांना रोमचा इतिहास मुखोद्गत असूनही आपल्याच पूर्वजांविषयी फारसे काही सांगता येत नसे, त्या घराण्यांतील स्त्रीपुरुषांनी हे जाडजूड खंड कादंबरीच्या ओढीने वाचून काढले.

1766 साली जन्मलेले करमझिन मूळचे ललित लेखक. ‘गरीब लिझा’ या 1792 च्या कथेने त्यांनी वाचकांच्या डोळ्यांत पाणी आणले होते. त्याच वर्षी कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील काही प्रवेश जर्मन भाषांतरावरून रशियनमध्ये उतरवून आपल्या मासिकात छापण्याइतकी त्यांची रसिकता चौफेर होती. 1803 साली झार अलेक्झांडरने त्यांना दरबारी इतिहासकार नेमून 2,000 रूबलांचे वर्षासन बांधून दिले, तेव्हा त्यांनी लौकिकाचा मोह सोडला आणि मॉस्कोजवळच्या अस्ताफ्येवो या गावी जुनी दफ्तरे उलगडण्यास आरंभ केला.

या ग्रंथाचे खरे वैभव, माझ्या मते, त्याच्या टिपांत आहे. वर मजकूर गोष्टीसारखा वाहतो. टिपांत मात्र बखरी, तहनामे, आज्ञापत्रे यांतील उतारे मूळ शब्दांत उतरून घेतलेले असतात, आणि अशा टिपा सहा हजारांवर आहेत. 1812 साली नेपोलियनच्या स्वारीत मॉस्को जळाले, त्या आगीत पंधराव्या शतकारंभीची ‘त्रोइत्स्की’ नावाची चर्मपत्रावरील बखर भस्मसात झाली. परंतु करमझिन यांनी तिच्यातून अगोदरच विपुल उतारे घेऊन ठेवले असल्यामुळे त्यांचा मुख्य आधार घेऊन प्रिसेलकोव्ह या संशोधकाला ती पुन्हा जुळवता आली. या टिपांतच मराठी वाचकाला आपला मुलूखही भेटतो. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन याचे प्रवासवृत्त त्रोइत्स्की मठाच्या ग्रंथसंग्रहात करमझिन यांच्या हाती लागले आणि सहाव्या खंडाच्या टिपांतून ते प्रथम जगापुढे आले. बहमनी अमदानीत चौलच्या बंदरात उतरलेला हा गृहस्थ पावसाळ्यात जुन्नरला अडकला. तेथील खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि इस्लाम स्वीकारशील तरच तो परत मिळेल असे बजावले, पण एका खुरासानी अंमलदाराने रदबदली केल्यामुळे घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. वास्को-द-गामाच्या कितीतरी आधी एक रशियन माणूस हिंदुस्थानात वावरत होता, ही गोष्ट करमझिन यांनी अभिमानाने नमूद केली आहे.

दरबारचे अन्न खाणाऱ्या लेखकाची कसोटी नवव्या खंडात लागली. 1821 साली निघालेल्या या खंडात ईवान चौथ्याच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध येतो: 1565 पासून त्याने उभारलेले ओप्रिच्निनाचे काळ्या वेषातील पथक, 1570 मधील नोव्हगोरोदची कत्तल, लिथुआनियात पळालेल्या कुर्ब्स्की सरदाराची जळजळीत पत्रे. करमझिन निरंकुश राजसत्तेचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि तरीही राजसिंहासनावरील क्रौर्याला त्यांनी क्रौर्यच म्हटले. ज्या तरुण अधिकाऱ्यांनी पुढे 1825 च्या डिसेंबरात बंड पुकारले, त्यांतील रिलेयेव्ह या कवीला तर या खंडाने भारून टाकले होते. इतिहासकाराची निष्ठा कागदाशी असावी, धन्याशी नसावी, याचे इतके सबळ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

दहावा व अकरावा खंड 1824 चे. 1591 साली उग्लिच येथे मरण पावलेल्या बालराजपुत्र दिमित्रीच्या खुनाचा ठपका करमझिन यांनी पुढे झार झालेल्या बोरिस गोदुनोव्हवर ठेवला, आणि त्यांच्याच भाष्यावरून पुश्किनने आपले नाटक रचून ते त्यांच्या स्मृतीस अर्पण केले. पुढील संशोधकांपैकी अनेकांना हा आरोप मान्य नाही. करमझिन यांच्यातील कथाकाराने त्यांच्यातील न्यायाधीशावर येथे कुरघोडी केली, असे मलाही वाटते. 1826 साली ते निवर्तले तेव्हा बारावा खंड 1611 पर्यंतच आला होता. तो तसाच अपुरा 1829 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी पोलेवोय या लेखकाने आपल्या ग्रंथाला ‘रशियन लोकांचा इतिहास’ असे नाव देऊन करमझिन यांच्या मर्मावरच बोट ठेवले. आक्षेप रास्त होता: या खंडांत राजे, महंत आणि सेनापती बोलतात, भूदास मुजीक क्वचितच दिसतो. त्याची शेती, त्याचे स्थलांतर, त्याच्या बेड्या यांचा शोध घ्यायचा तर इतिहासकार क्ल्युचेव्स्की यांच्या मॉस्को विद्यापीठातील व्याख्यानांकडेच वळावे लागते. पण क्रेमलिनच्या दालनांतील भय प्रत्यक्ष अनुभवायचे असेल, तर नववा खंड आजही आधी उघडावा.