शोधणे, उकरणे, उपसणे : शोधवाचक क्रियापदांचा अर्थविचार

इंग्रजी भाषेत शोधाच्या क्रियेसाठी 'सर्च', 'सीक', 'रमेज', 'रॅन्सॅक', 'डेल्व्ह', 'अनअर्थ', 'एक्स्कॅव्हेट', 'इन्व्हेस्टिगेट' इत्यादी क्रियापदे रूढ आहेत. पर्यायकोशात ती शेजारी शेजारी आढळत असल्यामुळे त्यांचे अर्थ एकच असावेत असा समज होतो; आणि मराठीत उतरविताना त्या सर्वांच्या जागी 'शोधणे' हे एकच क्रियापद योजण्याचा प्रघात पडतो. त्यायोगे वाक्य चुकत नाही, परंतु मूळ लेखकाने क्रियेविषयी दिलेली माहिती मात्र गळून पडते. संशोधनपर लेखनात ही माहिती पुराव्याचाच एक भाग असते. म्हणून या क्रियापदांतील भेद कशावर आधारलेले आहेत, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

१. इंग्रजी क्रियापदांची मुळे

या शब्दांची व्युत्पत्ती पाहिली असता प्रत्येकामागे एकेक निराळी हालचाल दिसते. 'सर्च' हा शब्द फ्रेंचमार्फत उत्तरकालीन लॅटिनमधील 'भोवती फिरणे' या अर्थाच्या धातूपासून आला. 'रॅन्सॅक' हा प्राचीन नॉर्स भाषेतील असून त्यातील पहिल्या अवयवाचा अर्थ 'घर' असा आहे. अर्थात घराची झडती घेणे हा त्याचा मूलार्थ. 'रमेज' हा नाविकांचा शब्द. जहाजाच्या पोटात माल रचण्याच्या क्रियेवरून तो मालाची उलथापालथ करून वस्तू काढण्याकडे वळला. 'डेल्व्ह' म्हणजे जमीन खणणे, 'एक्स्कॅव्हेट' म्हणजे पोकळ करणे, आणि 'इन्व्हेस्टिगेट' यामध्ये पावलाचा ठसा दडलेला आहे. तात्पर्य, शोध कोठे चालला आहे आणि हात किंवा पाय कोणती क्रिया करीत आहेत, हे या शब्दांनी मुळात सांगितलेले असते.

२. मराठीतील संपत्ती

मराठीत हे भेद नाहीत असे मानणे सर्वथा चुकीचे आहे. ते कोशाच्या पानापेक्षा शेताच्या बांधावर अधिक स्पष्ट दिसतात, इतकेच. भिवंडी तालुक्यातील अंबाडीसारख्या भातशेतीच्या गावाचे उदाहरण घ्यावे. बिळात हात घालून खेकडा धरू पाहणारा 'चाचपतो'. दृष्टीचे काम तेथे स्पर्श करतो. कोंबडी माती 'उकरते', म्हणजे वरचा थरच तेवढा विसकटते. कंदासाठी जमीन 'खणली' जाते. तेथे खोली अभिप्रेत असते. विहीर कठीण खडकात 'खोदली' जाते आणि तिच्यातील गाळ 'उपसला' जातो; 'उपसणे' यात फोडण्याची क्रिया नसून साचलेले वर काढून टाकण्याची आहे. चुकलेल्या गुरासाठी रान 'धुंडाळले' जाते, फार झाले तर 'पिंजून काढले' जाते. पण चिखलात खुरांचे ठसे उमटलेले असतील तर गुराचा 'माग' काढता येतो. हा 'माग' म्हणजे अर्थदृष्ट्या 'इन्व्हेस्टिगेट'चा सख्खा भाऊ होय. संस्कृतातील 'गवेषणा' या शब्दाच्या मुळाशीही हरवलेली गायच आहे, आणि 'गवसणे' हे मराठी क्रियापद त्याच कुळातील आहे. मूळ शब्दाचा अर्थ 'शोधणे'. मराठीत मात्र तो 'सापडणे' असा झाला, हे अर्थांतर लक्षणीय आहे.

कागदपत्रांच्या बाबतीतही असेच भेद आहेत. दप्तर 'चाळले' जाते. या शब्दामागे धान्याची चाळण उभी आहे. पेटी 'उचकली' जाते, तेव्हा घाई आणि अव्यवस्था सूचित होते. 'रमेज'ला हाच शब्द जवळचा. 'झडती' सत्तेच्या बळावर घेतली जाते. 'रॅन्सॅक'मधील लुटीची छटा सोडल्यास तिच्याशी त्याचे नाते जुळते. जुने प्रकरण 'उकरून काढले' म्हटले की त्यात दूषण येते. तेच 'उजेडात आणले' म्हटले की श्रेय येते.

३. शोध आणि प्राप्ती

मराठीचे आणखी एक वैशिष्ट्य सहायक क्रियापदांत आहे. 'शोध घेणे' ही केवळ खटपट. 'शोध लागणे' ही प्राप्ती, परंतु तीत कर्त्याचे कर्तृत्व गौण. 'शोध लावणे' यात कर्तृत्व पूर्ण. इंग्रजीत यासाठी स्वतंत्र क्रियापदे योजावी लागतात. 'शोधून काढणे', 'हुडकून काढणे' यांतील 'काढणे' क्रियेच्या पूर्ततेची ग्वाही देते. भाषांतरकाराने हे सहायक क्रियापद अनवधानाने बदलले तर अयशस्वी शोधही यशस्वी ठरतो.

'शोध' या शब्दाचे मूळ 'शुध्' धातूत, म्हणजे शुद्धीत आहे, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शोधन केले, तेव्हा हरवलेली वस्तू त्यांनी शोधली नव्हती, तर पाठ शुद्ध केला होता. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हा त्या नावातील 'संशोधक' या पदात दोन्ही अर्थ एकवटले. कागद धुंडाळणे हा त्या कार्याचा पूर्वार्ध, आणि त्यातील अस्सल व बनावट यांची निवड करणे हा उत्तरार्ध होय. इंग्रजी 'रीसर्च'मध्ये फिरण्याची कल्पना आहे, निवडून स्वच्छ करण्याची नाही.

४. पुराव्याचा प्रश्न

क्रियापदाच्या निवडीने पुरावा कसा बदलतो, हे अंबाडीच्याच परिसरातील उदाहरणांनी स्पष्ट होईल. अंबाडीच्या पश्चिमेस वसई तालुक्यातील सोपारे येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उघडला. त्यात दगडी पेटी, तीमध्ये तांब्याचा करंडक व बुद्धमूर्ती, आणि करंडकाच्या आत एकात एक ठेवलेल्या लहान डब्या मिळाल्या. येथे 'उत्खनन' हाच शब्द योग्य. कारण कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आत होती, हे खणणाराने प्रत्यक्ष पाहिले. सोपाऱ्यातच मिळालेला अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मात्र या स्तूपातून निघालेला नव्हता, आणि नवव्या शासनाचा तुकडा १९५६ साली भुईगाव येथे आढळला. या तुकड्यांविषयी 'उत्खननात मिळाले' असे लिहिल्यास त्यांना नसलेला थर व नसलेले स्थान प्राप्त होईल आणि त्यावरून काढलेली अनुमाने पोकळ ठरतील.

भिवंडी तालुक्यातच लोनाडजवळ चौधरपाडा येथील शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. हा लेख 'खोदलेला' आहे, म्हणजे दगडावर कोरलेला आहे. तो 'खोदून काढला' असे लिहिल्यास वाचक दोन प्रकारे फसू शकतो : लेख जमिनीतून बाहेर काढला असे त्याला वाटेल, किंवा दगडावरील अक्षरेच कोणी नाहीशी केली असेही वाटेल. एका 'काढणे'ने लेखाचा इतिहास असा पालटतो.

५. उपसंहार

मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाने आणि कँडीच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाने शब्दांना शब्द जोडून दिले; त्यांतील योग्य शब्द निवडण्याचे काम अभ्यासकाचे आहे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे ठरावेत. शोध कशात चालला : जमिनीत, कागदात, रानात की माणसांत? क्रिया कोणती झाली : चाळणे, खणणे, चाचपणे की माग काढणे? आणि अखेर वस्तू हाती आली की नाही, आली असल्यास प्रयत्नाने की योगायोगाने? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर क्रियापद सहसा आपोआप सुचते. ती मिळत नसतील, तर उणीव मराठीच्या शब्दसंग्रहात नसून मूळ घटनेच्या ज्ञानात आहे असे समजावे, आणि 'शोधणे' या सोयीच्या शब्दाने ती झाकू नये.