गच्चीवर चला, यान आलंय!

आमच्या सासूबाईंच्या मनात एक सल एकेचाळीस वर्षे होता. दागिन्यांचा नव्हे, की मानपानाचाही नव्हे. तो होता एका यानाचा!

1984 सालचा एप्रिल. 3 तारखेला राकेश शर्मा सोयूझ टी-11 यानातून अंतराळात गेले आणि सॅल्यूत-7 या रशियन स्थानकावर पोचले. तेव्हा आमचे एकत्र कुटुंब जुन्या नाशकात वाड्यात राहत होते. एका संध्याकाळी कोणीतरी बातमी आणली, की ते स्थानक आता डोक्यावरून जाणार. झाले! पुरुषमंडळी आणि पोरेटोरे धडाधडा जिने चढून वर गेली. सासूबाई मात्र तव्यापाशी. परातीत पंधरा माणसांची कणीक, एक पोळी तव्यावर, एक पोळपाटावर. मंडळी खाली आली तेव्हा निम्मे म्हणत होते, "दिसलं!" आणि निम्मे म्हणत होते, "छे, ते विमान होतं." यावर आमच्याकडे आजही एकमत नाही.

सासूबाई म्हणतात, "दिसलं नाही त्याचं काही नाही गं. पण 'तुलाही बघायचंय का' असं एकानंही विचारलं नाही."

पुढे तेच राकेश शर्मा ओझरच्या विमान कारखान्यात मुख्य चाचणी वैमानिक म्हणून काही वर्षे होते. म्हणजे माणूस नाशिकच्या पाण्यावर राहून गेला, पण यान काही सासूबाईंना दिसले नाही ते नाहीच.

म्हणून गेल्या वर्षी, 2025 मध्ये, शुभांशु शुक्ला जाणार अशी बातमी आली तेव्हा मी मनाशी ठरवले, की या खेपेला आधी आईंना विचारायचे. विचारले, तर त्या लगेच म्हणाल्या, "माझे गुडघे गच्चीपर्यंत येतील का, ते आधी बघ."

मुहूर्त पुढे, पुढे आणि पुढे

लग्नाचा मुहूर्त एकदा टळला तरी आपला जीव वरखाली होतो. इथे तर तो मे महिन्याच्या अखेरीपासून टळतच होता. कधी हवामान, कधी रॉकेटमध्ये प्राणवायूची गळती, कधी स्थानकाच्या रशियन भागाची तपासणी. शेवटी 25 जूनला, आपल्या दुपारी 12 वाजून 1 मिनिटाने, फ्लोरिडातल्या केनेडी केंद्रावरून यान उडाले. आमच्या इंदिरानगरच्या घरात टीव्हीपुढे मी, सासूबाई, शेजारच्या वहिनी आणि वरच्या मजल्यावरच्या काकू. आमटीला फोडणी द्यायची राहिली होती, पण त्या दिवशी कोणी जेवणाची घाई केली नाही. यान वर चढले तेव्हा काकूंनी चक्क हात जोडले.

त्यात चौघे होते. पोलंडचे एक, हंगेरीचे एक, आपले शुक्ला, आणि या साऱ्यांची प्रमुख एक बाई, पेगी व्हिटसन! वय पासष्ट. "बघा," सासूबाई आमच्या ह्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "आणि मला तुम्ही पासष्टीला देवळात एकटी जाऊ देत नव्हता."

शुक्लांनी बरोबर गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. वर जाऊन मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोगही केला. हे ऐकल्यावर आम्हा बायकांना अंतराळ एकदम ओळखीचे वाटू लागले.

पहिली फजिती

त्याच संध्याकाळी आम्ही उत्साहाने गच्चीवर गेलो. सासूबाईंना ह्यांनी आणि मुलाने धरून धरून वर आणले. आकाश काळेकुट्ट. मग ढगांच्या फटीतून एक दिवा सरकताना दिसला, आणि वहिनी ओरडल्या, "आलं, आलं!" पण तो दिवा लाल-पांढरा लुकलुकत होता. विमान! पुन्हा 1984 च झाले म्हणायचे. इतक्यात पावसाचे टपोरे थेंब आले, आणि सासूबाईंना घेऊन जिना उतरायला आम्हाला पाऊण तास लागल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी माझ्या धाकटीने (ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते) आमची चांगली शिकवणी घेतली. ती म्हणाली, "आई, यान उडालं म्हणजे लगेच दिसेल असं नसतं. ते छोटं यान अठ्ठावीस तास स्थानकाचा पाठलाग करणार. ते स्थानकापेक्षा कितीतरी लहान, म्हणून अंधुक. एकदा ते स्थानकाला जोडलं गेलं, की बघायचं ते स्थानक. ते फुटबॉलच्या मैदानाएवढं आहे, म्हणून चांदणीसारखं झळकतं."

26 जूनला दुपारी चारच्या सुमारास यान स्थानकाला जोडले गेले, आणि आमचा अभ्यास सुरू झाला. त्यातले मला जे समजले, ते मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते.

ते दिसते कसे?

स्थानकाला स्वतःचा दिवा नाही. आपल्याला दिसतो तो त्यावर पडलेला सूर्यप्रकाश. संध्याकाळी तळमजल्यावरच्या घरात दिवे लागतात तेव्हाही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर ऊन असते, हे आपण पाहतो ना? तसेच हे. ही टाकी मात्र सुमारे चारशे किलोमीटर उंच! म्हणून सूर्य मावळल्यावर दीड-दोन तास किंवा उजाडण्यापूर्वी तेवढाच वेळ ते दिसू शकते. दुपारी आकाश उजळ असते म्हणून दिसत नाही, आणि मध्यरात्री ते स्वतःच पृथ्वीच्या सावलीत असते.

चारशे किलोमीटर म्हणजे किती? आपल्याला नागपूर याहून लांब आहे. वेग मात्र ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर. नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबई गाठायला आपल्याला अर्धा दिवस मोडावा लागतो. तेवढे अंतर ते अर्ध्या मिनिटाच्या आत कापते. कुकरची एक शिट्टीही व्हायची नाही!

सुमारे त्र्याण्णव मिनिटांत ते पृथ्वीभोवती एक फेरी घालते. मग दर दीड तासाने आपल्याला का दिसत नाही? तर तेवढ्या वेळात खालची पृथ्वी फिरते. या फेरीला आपल्यावरून गेले, तर पुढच्या फेरीला ते आखाती देशांवर असते. म्हणून काही आठवडे रोज दर्शन, तर काही आठवडे अजिबात नाही.

गच्चीवर जाण्यापूर्वी

वेळ नक्की करा. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या सेवेत आपल्या गावासाठी दिवस, वेळ, दिशा आणि उंची मिळते. घरातल्या मुलांना सांगा, मोबाईलवर काढून देतील. पाच मिनिटे आधीच वर जा. स्थानक कोणासाठी थांबत नाही.

उंची अंशात दिलेली असते. क्षितिज म्हणजे शून्य आणि बरोबर डोक्यावर म्हणजे नव्वद. हात ताठ पुढे करून मूठ वळा; ती मूठ साधारण दहा अंशांची. उंची चाळीस म्हटली, तर क्षितिजावर चार मुठी रचायच्या. त्याहून कमी असेल तर शहरात ते इमारतींआड जाते.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे. वायव्येकडून आग्नेयेकडे, नाहीतर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. आपल्या गच्चीवरून ओळखीची खूण ठरवून ठेवावी. आम्हा इंदिरानगरकरांना पांडवलेणीचा डोंगर म्हणजे नैर्ऋत्य.

लुकलुकले किंवा लाल-हिरवे दिसले तर विमान. एकसारखा पांढरा प्रकाश, आवाज नाही, आणि संथ पण न थांबता पुढे जाणे, हे स्थानक. पाच-सहा मिनिटांत खेळ आटोपतो. कधी भर आकाशात एकदम विझते. घाबरू नका, ते सावलीत शिरलेले असते.

दुर्बीण लागत नाही. गच्चीवरचा दिवा मात्र घालवा. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरते, तिथे आधी खराट्याने घासून घ्या. लहान मुलांचा हात सोडू नका, कारण सगळ्यांचे डोळे वर असतात. डासांचे मलम लावायला विसरू नका.

आभाळ काही उघडेना

इतके सारे शिकून आम्ही सज्ज झालो, पण जुलैतल्या नाशिकच्या आभाळाला कोण शिकवणार? रोज सकाळी वेळ बघायची, रोज संध्याकाळी खिडकीतून पाहायचे, आणि रोज ढगच. दोनदा सासूबाई जिन्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत येऊन परत गेल्या. तिसऱ्यांदा मी कांदाभजी तळली, तेवढेच समाधान.

15 जुलैला शुक्ला कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात सुखरूप उतरले. टीव्हीवर सगळे टाळ्या वाजवत होते. सासूबाई हळूच म्हणाल्या, "आला का गं खाली? बरं झालं, पोर आईला भेटेल." मग थोड्या वेळाने, "म्हणजे आता राहिलंच."

मला फार वाईट वाटले. मी म्हटले, "आई, माणूस खाली आला. स्थानक कुठं जातंय? ते आहे तिथंच आहे." त्या काही बोलल्या नाहीत. 1979 मध्ये स्कायलॅब पडणार म्हणून सगळे धास्तावले होते, ती त्यांना आठवण. वर गेलेली वस्तू वरच राहते यावर त्यांचा फारसा विश्वास नाही. आणि त्यांचे चूकही नाही. हे स्थानकही काही वर्षांनी समुद्रात उतरवायचे ठरलेले आहे.

डिसेंबरातली पहाट

थंडी पडली, आकाश काचेसारखे स्वच्छ झाले. डिसेंबरात धाकटीने एक पहाट शोधून काढली. चांगली उंची, दिशा नैर्ऋत्य, आणि उजाडायच्या आधीची वेळ. गच्चीचा नाद मी सोडलाच. जिने चढायचेच कशाला? उघडे आकाश जमिनीवरूनही दिसते, हे मला सहा महिन्यांनी सुचले! जॉगिंग ट्रॅकपाशी गाडी नेली, प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, सासूबाईंना शाल आणि कानटोपी. फिरायला आलेली चार माणसेही थांबली.

निघताना गॅसवर कणकेचा डबा तसाच ठेवून आले होते. ह्यांचा डबा करायचा होता. मी काही म्हणायच्या आतच हे म्हणाले, "राहू दे, आज मी बाहेर खाईन."

वेळ झाली, तरी काही दिसेना. पहाटे उलटे असते, हे मी विसरलेच होते. ते सावलीत असताना वर येते आणि मग उजेडात शिरते. पांडवलेणीच्या डोंगराच्या बरेच वर, काहीही नसलेल्या जागी, एकदम एक ठिणगी उजळली आणि चालू लागली.

"आई, ते बघा!"

"कुठं गं?" मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले डोळे. मी त्यांचा हात धरून बोट आकाशात फिरवले. त्यांची मान हळूहळू बोटामागे वळू लागली, मग बोटाच्याही पुढे गेली, आणि मला समजले की दिसले! ईशान्येला फटफटणाऱ्या उजेडात ते विरेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मग विचारले, "आता त्यात कोण आहे?"

धाकटीने सांगितले, "बरेच जण आहेत आजी. झीना कार्डमन नावाची एक बाई पण आहे."

"बाई आहे?" त्या पुन्हा ईशान्येकडे बघू लागल्या. तिथे आता काही नव्हते. "थंडी वाजत असेल का गं तिला?"

घरी आलो तेव्हा साडेसात होऊन गेले होते. मी कणीक पुढे ओढली, तर सासूबाई म्हणाल्या, "सरक, आज मी लाटते." खूप वर्षांनी त्यांनी दोन पोळ्या लाटल्या. पहिली जरा करपली, कारण लाटता लाटता त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.