एकच माणूस, तीन किमती

बदलापूर ते सीएसएमटी हे लोहमार्गाचं अंतर ६८ किलोमीटर. रोज जाऊन-येऊन १३६. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तर ४०,८०० किलोमीटर होतात. विषुववृत्तावरून पृथ्वीला पूर्ण फेरी घातली तरी त्यातले सातशे किलोमीटर उरतात. तीस वर्षं नोकरी केली की हिशेब १२ लाख २४ हजार किलोमीटरवर जातो. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे बदलापूर गावातून रोज रिक्षाने स्टेशन गाठणारा एखादा कारकून निवृत्त होईपर्यंत चंद्रावर जाऊन, परत येऊन, पुन्हा चंद्रापर्यंत पोचलेला असतो. त्यातला बराच प्रवास उभ्याने झालेला असतो, नाहीतर चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकून.

उभ्याने म्हणजे कसं, त्याचाही आकडा आहे. मुंबईच्या लोकलसाठी नियोजनकारांना ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा वेगळा शब्दप्रयोग करावा लागला. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. कॅरमबोर्डाची खेळायची जागा ७४ सेंटिमीटर लांब-रुंद असते, साधारण अर्धा चौरस मीटर. त्या एका कॅरमबोर्डावर आठ मोठी माणसं उभी करा आणि त्यांना दीड तास तशीच ठेवा. आत असं असताना दारात कोण उभं राहतं आणि का, हे त्या डब्यात एकदाही न चढलेला माणूसच विचारू शकतो.

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ९७,९४८ होती, २०११ला १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत जवळपास ७८ टक्के वाढ. त्याच जनगणनेत अंबरनाथ २,५३,४७५ आणि उल्हासनगर ५,०६,०९८. तीन शहरं मिळून सव्वानऊ लाखांच्या वर, आणि तीही पंधरा वर्षांपूर्वीची. कल्याणच्या पुढे या सगळ्यांसाठी रूळ किती? एक अप, एक डाऊन. त्याच दोन रुळांवरून पुणे-सोलापूर आणि दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, मालगाड्याही जातात. या मार्गावरून पहिली गाडी १८५६ साली धावली. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका अवघी १४ किलोमीटरची आहे. ती एमयूटीपी-३ए या योजनेत आहे, आणि त्या योजनेला २०१९ साली मंजुरी मिळाली.

आता मृत्यूंचा आकडा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या हद्दीत २०२३ या एका वर्षात २,५९० माणसं मेली. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात १६६ बळी गेले होते, त्याच्या पंधरापटीहून अधिक. तेही एका वर्षात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. सरासरी दिवसाला सात. गेल्या वीसेक वर्षांची बेरीज रेल्वेने मुंबई उच्च न्यायालयात सांगितली आहे: मध्य रेल्वेवर २९,३२१ आणि पश्चिम रेल्वेवर २२,४८१, मिळून ५१,८०२. २००१ साली बदलापुरात जेवढी माणसं राहत होती, त्यांच्या निम्म्याहून जास्त. शहरातली दर दुसरी व्यक्ती उचलून नेली असती तर देशाने काय केलं असतं?

हा विषय न्यायालयात आणला तो विरारहून रोज प्रवास करणाऱ्या एका साध्या प्रवाशाने. त्याच्या जनहित याचिकेत दर असा मांडला होता: मुंबईत लाख प्रवाशांमागे वर्षाला ३३.८ मृत्यू, लंडनमध्ये १.४३. जून २०२४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय यांच्या खंडपीठाने ही याचिका ऐकताना, लोकांना गुरांसारखा प्रवास करावा लागतो याची आपल्याला लाज वाटते, अशा शब्दांत रेल्वेला सुनावलं.

३३.८ हा आकडा लहान दिसतो. लाखात चौतीस म्हणजे काय मोठं! पण तो एका वर्षाचा आहे. नोकरीच्या तीस वर्षांनी गुणा: लाखात हजाराच्या वर, म्हणजे साधारण शंभरात एक. हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य. या मृत्यूंत रूळ ओलांडताना गेलेले आहेत, आणि रोजचे प्रवासी नसलेलेही आहेत. त्यामुळे आत बसलेल्याचा धोका याहून कमी आणि दारात लटकलेल्याचा याहून जास्त. तरीही बदलापूरच्या फलाटावर सकाळी ज्या शंभर ओळखीच्या चेहऱ्यांना आपण मान हलवतो, त्यांच्याकडे पाहून हा भागाकार एकदा मनाशी करून बघावा.

अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. देशभर रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात, त्यातली ६,००० एकट्या मुंबई उपनगरी रेल्वेवर, असं त्यात म्हटलं होतं. समितीने याला चक्क संहार म्हटलं. अणुशास्त्रज्ञाच्या अहवालात असा शब्द सहजासहजी येत नाही. तेव्हापासून पादचारी पूल झाले, कुंपणं झाली, आकडा खाली आला. पण दिवसाला सात हा आकडा कोणत्या तोंडाने ‘सुधारणा’ म्हणायचा?

यापुढचा हिशेब माणूस गेल्यावर सुरू होतो, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. अठ्ठावीस वर्षांचा, महिना ३० हजार पगाराचा बदलापूरचा एक तरुण धरू. घरी बायको, मूल आणि आई.

तो काटई-कर्जत रस्त्यावर ट्रकखाली सापडून गेला आणि ट्रकचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निवाड्यांतलं सूत्र लावतं. वार्षिक उत्पन्न ३ लाख ६० हजार. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ५ लाख ४ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा, राहिले ३ लाख ३६ हजार. या वयाला गुणक १७. बेरीज ५७ लाख १२ हजार, शिवाय अंत्यसंस्कार, सहजीवनाची हानी वगैरे.

तोच तरुण लोकलमधून पडून गेला तर रेल्वेची भरपाई ८ लाख. पगार तीस हजार असो की तीन लाख, रक्कम तीच. १ जानेवारी २०१७ पूर्वी ती ४ लाख होती, आणि त्या ४ लाखांना जवळपास वीस वर्षं कोणी हात लावला नव्हता. जखमांचेही दर ठरलेले आहेत: हात खांद्यापासून गेला तर ७ लाख २० हजार, अंगठा गेला तर २ लाख ४० हजार. २०१७ पासून महागाई कुठे गेली ते बदलापूरच्या बाजारात भाजी घेणाऱ्या कोणालाही विचारावं. ८ लाख मात्र ८ लाखच.

आणि तोच तरुण रूळ ओलांडताना गेला, तर शून्य. उलट रूळ ओलांडणं हाच रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

सत्तावन्न लाख, आठ लाख, शून्य. माणूस तोच, मागे राहिलेलं घर तेच.

तरी या आठ लाखांमागचा कायदा प्रवाशाच्या बाजूचा आहे, हे ठासून सांगायला हवं. रस्त्यावरच्या ५७ लाखांसाठी समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. रेल्वेत तशी गरज नाही. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १२४-अ प्रमाणे, जे १९९४ पासून लागू आहे, प्रवासी गाडीतून अपघाताने पडला एवढं पुरेसं आहे. चूक कोणाची हा प्रश्नच तिथे येत नाही. रेल्वे सुटते ती फक्त मोजक्या कारणांनी: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, प्रवाशाचं स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेड, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. दारात उभं राहणं या यादीत नाही. घाईत चढणंही नाही.

रेल्वेचे वकील मात्र वर्षानुवर्षं हेच मुद्दे मांडत आले, आणि न्यायालयं ते फेटाळत आली. चालू गाडीत चढताना पडलेल्या केरळमधल्या एका महिलेच्या प्रकरणात (प्रभाकरन विजयकुमार, २००८) सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ ही कडक, चूक-निरपेक्ष जबाबदारी असल्याचं स्पष्ट केलं. जमीला प्रकरणात (२०१०) उघड्या दारात उभं राहणं फार तर निष्काळजीपणा ठरेल, गुन्हेगारी कृत्य नव्हे, असं म्हटलं. रीना देवी प्रकरणात (२०१८) आणखी दोन गोष्टी पक्क्या झाल्या. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. कुटुंबाने प्रतिज्ञापत्रावर तो तिकिटाने प्रवास करत होता असं सांगितलं की ते खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते. आणि अपघात जुना असला तरी जुनी रक्कम व्याजासह किंवा निवाड्याच्या दिवशीची नवी रक्कम, यातली जी मोठी ती मिळते.

म्हणून सगळी लढाई येऊन थांबते ती एका कागदावर. स्टेशन मास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा. त्यात ‘गाडीतून पडून’ लिहिलं की आठ लाखांचा रस्ता उघडतो, ‘रूळ ओलांडताना’ लिहिलं की शून्याचा. दोन स्थानकांच्या मधे, अंधारात, रुळाशेजारी पडलेल्या माणसाबद्दल हे दोन शब्द कोण ठरवतं? बहुतेक वेळा पडताना कोणी पाहिलेलंच नसतं. मोटरमनला मागच्या डब्याच्या दाराशी काय झालं ते कळणं शक्य नसतं. घरचे लोक रुग्णालयाच्या दारात उभे असतात तेव्हा हा कागद लिहून झालेला असतो, आणि तो आपल्याला वाचायला मागायचा असतो हेही त्यांना कोणी सांगत नाही.

९ जून २०२५च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर एक कसाऱ्याकडे जाणारी आणि एक सीएसएमटीकडे येणारी लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारांतले प्रवासी खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले. बातम्यांत पहिली चर्चा झाली ती पाठीवरच्या बॅगांची. नोव्हेंबरमध्ये लोहमार्ग पोलिसांनी, व्हीजेटीआयच्या तांत्रिक अहवालाचा आधार घेऊन, रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. तो आरोप आहे, निवाडा नव्हे. पण तो खटला कुठेही गेला तरी पीडितांच्या कलम १२४-अ खालच्या हक्काला त्याची वाट पाहावी लागत नाही. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाखांची मदत जाहीर केली होती. ती सानुग्रह मदत, सरकारच्या इच्छेवरची. आठ लाख हा हक्क आहे, तो अर्ज करून मागावा लागतो, आणि मदत मिळाली म्हणून हक्क संपत नाही. ही गल्लत अनेक घरांत होते.

बदलापूरकरांना दारं बंद असलेल्या गाड्या नको आहेत, असा एक समज ऑगस्ट २०२२च्या आंदोलनानंतर पसरला. तो अन्यायाचा आहे. साध्या लोकलच्या जागी बंद दारांच्या एसी लोकल आणल्या गेल्या. साधा पास असलेल्यांची गाडी गेली, उरलेल्या गाड्यांत कॅरमबोर्डावरच्या आठ माणसांची नऊ झाली. लोक चिडले ते त्यासाठी. मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. मुंब्र्यानंतर रेल्वेने बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा केली. दार बंद झालं की पडणं थांबेल हे खरं, पण दाराबाहेर राहणाऱ्यांना चढायला पुढची गाडी लवकर मिळाली पाहिजे. त्यासाठी रूळ हवेत, आणि ते चौदा किलोमीटरचे रूळ हाच या भागाचा खरा सुरक्षा-प्रश्न आहे असं मला वाटतं.

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भाईंदरहून मरीन लाइन्सला निघालेल्या एका प्रवाशाच्या प्रकरणात पुन्हा एकदा सांगितलं की गर्दीच्या वेळी दारात उभं राहण्याखेरीज पर्याय नसतो, तो निष्काळजीपणा धरता येत नाही. पास त्या दिवशी घरी राहिला होता. पत्नीने तो न्यायाधिकरणापुढे हजर केला. अपघात ऑक्टोबर २००५चा होता. न्यायाधिकरणाने २००९ साली कुटुंबाच्या बाजूने दिलेल्या निकालावर रेल्वेने अपील केलं होतं. वीस वर्षं.

तेव्हा ज्यांच्या घरातलं कोणी रोज हे ६८ किलोमीटर जातं, त्यांनी आजच काही गोष्टी करून ठेवाव्यात. पास आणि ओळखपत्र यांचा फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर ठेवावा. पास हल्ली मोबाइलमध्येच असतो आणि अपघातात मोबाइलच आधी जातो. रोजची गाडी कोणती, डबा कोणता, बरोबर कोण असतं, हे घरी माहीत असावं, कारण साक्षीदार त्याच ग्रुपमधून मिळतात. अपघात झाला तर मेमो आणि पंचनाम्याच्या प्रती मागाव्यात, त्यातला शब्द चुकीचा असेल तर लगेच लेखी हरकत घ्यावी. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे एका वर्षाच्या आत दाखल करायचा असतो; उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. निकाल विरुद्ध गेला तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.