मातीच्या चिमण्या आणि संगणकाचा पडदा

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, ख्रिस्ती वस्ती जुनी. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे १८३१ साली सुरू झाले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे नावही या गावाशी कायमचे जोडलेले आहे. ‘हजरत ईसा’ म्हणणारे आम्ही आणि ‘प्रभू येशू’ म्हणणारे शेजारी गप्पांना बसलो, की एक गोष्ट निघतेच. ईसांनी मातीचा पक्षी केला, त्यात फुंकर घातली आणि अल्लाहच्या हुकमाने तो जिवंत झाला, असे कुरआनात ‘आले इमरान’ आणि ‘माइदा’ या दोन सूरांमध्ये आले आहे. शेजारी म्हणतात, ‘आमच्या बायबलात हे नाही.’ श्रोतेहो, दोघेही खरेच बोलतात.

बायबलात मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी चार शुभवर्तमाने आहेत. चर्चने प्रमाण मानलेल्या या चारांखेरीज सुरुवातीच्या शतकांत आणखीही लिहिली गेली. त्यांतले ‘थॉमसचे बालपणीचे शुभवर्तमान’ साधारण दुसऱ्या शतकातले मानतात. त्यात पाच वर्षांचा येशू शब्बाथाच्या दिवशी ओढ्याकाठी मातीच्या बारा चिमण्या करतो, टाळी वाजवतो आणि त्या भुर्रकन उडून जातात.

असे ग्रंथ आता घरबसल्या वाचता येतात. ‘अर्ली ख्रिश्चन रायटिंग्ज’ या संकेतस्थळावर ते अंदाजे काळानुसार मांडले आहेत. ‘ई-क्लाव्हिस’ या सूचीत हस्तलिखिते कुठे आहेत, भाषांतरे कोणती, याची माहिती मिळते. एम. आर. जेम्स यांचा १९२४ चा जाडजूड इंग्रजी संग्रह ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आहे. २०२४ साली तर हॅम्बुर्गच्या ग्रंथालयातला पपायरसचा एक तुकडा याच चिमण्यांच्या गोष्टीचा असल्याचे दोन अभ्यासकांनी ओळखले. चौथ्या-पाचव्या शतकातल्या तेरा ओळी! या ग्रंथाची ही सर्वांत जुनी ज्ञात प्रत. तिचे छायाचित्रही पडद्यावर पाहता येते.

मात्र वाचताना तीन प्रश्न विचारावेत: ग्रंथ कधीचा, मूळ भाषा कोणती, जुनी प्रत कुठे आहे? नावावर तर मुळीच जाऊ नये. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ संपूर्ण सापडलेले ‘थॉमसचे शुभवर्तमान’ निराळेच आहे. त्यात चिमण्या नाहीत, येशूची ११४ वचने आहेत.

हेच प्रश्न आपल्या आवडत्या पुस्तकालाही लावले पाहिजेत. आमच्यातले कित्येक जण वादात ‘बर्णबाचे शुभवर्तमान’ पुढे करतात, कारण त्यात पैगंबरांचे नाव येते. पण त्याचे व्हिएन्नातले इटालियन हस्तलिखित सोळाव्या शतकाच्या सुमाराचे आहे. त्यात ज्युबिलीचे वर्ष दर शंभर वर्षांनी येते. मूसांच्या धर्मशास्त्रात ते पन्नास वर्षांनी येते. शंभराची प्रथा पोपने १३०० साली घातली. मग पहिल्या शतकातल्या बर्णबाला ती कशी ठाऊक असणार? आमच्या बाजूने बोलते, म्हणून पुस्तक जुने ठरत नाही. हे आम्हीच आधी सांगावे, म्हणजे शेजारीही आमचे मोकळ्या मनाने ऐकतील.

चिमण्यांची कथा मात्र खरोखर प्राचीन आहे. एकीकडे टाळी आहे, दुसरीकडे फुंकर आणि अल्लाहची आज्ञा. हा फरक वादासाठी नव्हे, एकमेकांशेजारी बसून वाचण्यासाठी आहे.